जिथे तोंड कागद सोडतं
एका कथेच्या मोठ्याने वाचनाचं प्रकरण, सांगली

पार्श्वभूमी

सांगलीत आमचा सहा जणांचा कथागट आहे. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमतो. एकाने लिहिलेलं बाकीच्यांनी आधी वाचून यायचं आणि मोकळेपणाने बोलायचं, इतकंच. हे प्रकरण गटातल्या एका सदस्येचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गटात सगळे त्यांना ताई म्हणतात, इथेही तसंच म्हणतो.

ताई पंचावन्नच्या. स्वेच्छानिवृत्तीनंतर कथा लिहायला लागल्या. चार कथा दिवाळी अंकांत छापून आल्या आहेत. त्याआधीची बरीच वर्षं त्या हौशी नाटकांत कामं करायच्या, त्यामुळे आवाज कमावलेला, शब्द स्वच्छ. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

कथा हरिपूरची. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव हळदीच्या पेवांसाठी ओळखलं जातं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार: तोंड अरुंद, पोट मोठं, आणि तोंड मातीने लिंपून बंद केलेलं. इथल्या मातीत हळद कीड न लागता टिकते. २००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं, हळदीचं अतोनात नुकसान झालं आणि त्यानंतर बरीचशी पेवं वापरातून गेली. ताईंच्या कथेत पूर ओसरल्यावर एक तरुण मुलगा बंद पेवात उतरतो. वर त्याचे वडील, आबा, कंदील घेऊन उभे आहेत, भोवती भावकी. खाली हळद शाबूत आहे का, हा एक प्रश्न. त्याच्या आड आबा आणि काका या दोन भावांमधला जुना हिशेब. कथा सुमारे ४,२०० शब्दांची होती.

अडचण

मे महिन्यात ताईंनी ही कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली. तीन आठवड्यांनी परत आली. संपादकांनी सोबत दोन ओळी लिहिल्या होत्या. विषय ताकदीचा आहे, पण वाचताना सारखं अडखळायला होतं, असा त्यांचा मथितार्थ. कुठे अडखळायला होतं, ते लिहिलं नव्हतं.

पुढच्या पंधरा दिवसांत ताईंनी कथा निदान दहा वेळा वाचली असेल. काही सापडेना. मला फोन करून म्हणाल्या, “मला तर कुठंच खडा लागत नाही. मग त्यांना कुठं लागला?”

यात अहंकार नव्हता. स्वतः लिहिलेलं आपण डोळ्यांनी वाचतो तेव्हा खरं तर वाचत नसतोच. वाक्य आधीपासून मनात असतं, डोळा फक्त ते ओळखून पुढे जातो. गाळलेला शब्द मन भरून घेतं आणि दोनदा पडलेला शब्द एकदाच बघतं. वाक्याचा कर्ता कोण, हे लेखकाला पहिल्या अक्षराला ठाऊक असतं. वाचकाला ते क्रियापदापर्यंत वाट बघून कळतं, आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं.

दुसऱ्या एका अंकाची मुदत जुलैअखेर होती. म्हणजे हातात दीड महिना.

समोरचे पर्याय

जूनच्या बैठकीआधी आम्ही दोघांनी बसून विचार केला. कथा बाजूला ठेवून नव्याने लिहायची, हा पहिला विचार ताईंचाच. तो मी खोडून काढला. दुखणं कुठे आहे ते माहीत नसताना नव्याने लिहिलं तर तेच दुखणं नव्या जागी उगवतं. गटातल्या कुणाला तरी प्रत देऊन खुणा करायला सांगणं शक्य होतं, पण आम्ही सगळे ताईंचं लिखाण चार वर्षं वाचतो आहोत. त्यांच्या वाक्यांची आम्हाला सवय झाली आहे.

फोनमधल्या मराठी वाचणाऱ्या आवाजाकडून एक संध्याकाळ वाचून घेतलं. त्याचा उपयोग झाला, पण मर्यादित. “आणि आणि” असं दोनदा पडलेलं एका जागी सापडलं, एका वाक्यातला “न” गळाला होता तो सापडला. यंत्र काहीही भरून घेत नाही, समोर आहे तेच म्हणतं, हा त्याचा मोठा गुण. पण मराठीत “च”चे दोन उच्चार आहेत, “चार”मधला वेगळा आणि “चारा”मधला वेगळा, आणि लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. दोर हाताला “काचला” हे यंत्राने “चार”मधला च लावून वाचलं. आबांच्या तोंडची बोली तर त्याला झेपलीच नाही. लय तपासायला हा आवाज चालणार नाही, असं ठरलं.

राहिला पर्याय मोठ्याने वाचण्याचा. घरी एकटीने वाचायचं की गटासमोर? ताई म्हणाल्या, गटासमोर. समोर माणसं असली की चूक लपत नाही. मलाही पटलं.

पहिलं वाचन

जूनच्या बैठकीत ताईंनी सबंध कथा वाचली. छत्तीस मिनिटं लागली. आबांचा आवाज वेगळा, काकांचा वेगळा, पेवात उतरतानाचा आवाज तर इतका खाली गेला की आम्ही पुढे झुकून ऐकत होतो. चहा तसाच निवला. संपल्यावर कुणी बोलेना. एका सदस्येने डोळे पुसले. मग एकेकाने सांगितलं की एक शब्दही बदलू नका, संपादकांनी घाईत वाचली असणार. मीही तेच म्हणालो, आणि तिथे मी चुकलो.

हे गाव नाटकाचं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच आपला पहिला नाट्यप्रयोग केला, आणि आम्ही या शहराला अजून नाट्यपंढरी म्हणतो. आवाज लागला की आम्ही विरघळतो. शिवाय गटातल्या वडीलधाऱ्यांनी शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाचा काळ पाहिलेला आहे. पण कथाकथन ही वेगळी कला आहे. सांगणारा समोरच्या माणसांकडे बघत वाक्य लांबवतो, तोडतो, शब्द बदलतो, आणि तसं त्याने करायलाच हवं. आम्हाला हवी होती कागदाची परीक्षा, आणि आम्ही ऐकला कार्यक्रम.

गटातले गुरुजी तेवढे वेगळे बसले होते. प्राथमिक शाळेत आयुष्य गेलेलं, त्यामुळे मूल वाचत असताना पुस्तकावर बोट ठेवून बसायची सवय. त्यांच्या हातात कथेची छापील प्रत आणि पेन्सिल होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणाले, “ताई, वाचलंत सुरेख. पण कागदावर जे आहे, ते नाही वाचलंत.”

त्यांनी प्रत पुढे सरकवली. एकतीस खुणा. एकतीस जागी ताईंचं तोंड कागद सोडून गेलं होतं. “केले”च्या जागी “केलं”, “गेले”च्या जागी “गेलं”, हे सर्वांत जास्त. “परंतु”चं “पण” झालं होतं. “अतिशय” दोन ठिकाणी गळालं होतं. “म्हणाले” बहुतेक जागी आलंच नव्हतं. एका परिच्छेदात दोन वाक्यांची अदलाबदल झाली होती. आणि आबांचं “तू तिथे जाऊ नकोस” हे ताईंच्या तोंडून “तितं जाऊ नगंस” असं बाहेर पडलं होतं. ताईंना यातलं एकही आठवत नव्हतं. आम्हालाही ऐकताना कळलं नव्हतं.

या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण मला हाच वाटतो. त्यांच्या आवाजाने कथा दुरुस्त करून आमच्यापुढे ठेवली होती. संपादकांना तो आवाज मिळाला नव्हता, त्यांना नुसता कागद मिळाला होता.

दुसरा निर्णय: कोरं वाचन

गुरुजींनीच सुचवलं की कथा न पाहिलेल्या कुणाकडून तरी वाचून घ्या. आम्ही त्याला कोरं वाचन म्हणू लागलो. ताईंच्या शेजारचा एक मुलगा तयार झाला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, कथा वाचायची फारशी सवय नाही. ताईंना तो काकू म्हणतो आणि त्यांच्यासमोर जरा बुजतो, म्हणून त्या त्याच्या पाठीमागे खुर्ची घेऊन बसल्या. वाचताना कुणी बोलायचं नाही, तो अडला तरी शब्द सांगायचा नाही, असं ठरलं. फोनवर आवाज मुद्रित केला. खुणा गुरुजी करत होते.

त्याला अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. तेवीस जागी तो थांबला, मागे गेला किंवा श्वासासाठी भलत्याच ठिकाणी तुटला. ताईंना हे ऐकणं जड गेलं. दोनदा त्या खुर्चीतून उठल्या आणि परत बसल्या. नंतर म्हणाल्या, “माझंच पोर कुणी फरपटत नेतंय असं वाटलं.” हे मुद्दाम नोंदवतो, कारण कोरं वाचन सुचवणाऱ्याने लेखकाच्या मनाची तयारी आधी करून घ्यायला हवी होती. आम्ही ती केली नाही.

मग दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. एकीवर ताईंचं तोंड जिथे भटकलं त्या खुणा, दुसरीवर मुलगा जिथे अडखळला त्या. चौदा जागा सारख्याच निघाल्या. लेखिकेची जीभ नकळत वळसा घालून गेली होती नेमक्या त्याच ठिकाणी वाचकाची जीभ ठेचकाळली होती. काम तिथून सुरू झालं.

कागदावर काय केलं

पहिल्याच पानावर हा परिच्छेद होता:

“आबा पेवाच्या तोंडाजवळ उभे होते. त्यांच्या हातात कंदील होता. कंदिलाची काच काळवंडलेली होती. खाली अंधार होता. वर भावकी जमलेली होती.”

डोळ्याला इथे पाच चित्रं दिसतात. कानाला पाच वेळा एकच ठोका ऐकू येतो. ध्वनिमुद्रणात मुलाचा आवाज प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याच जागी खाली पडत होता, आणि चौथ्या वाक्याला त्याने चक्क जांभई दाबली. भूतकाळात सांगितलेल्या मराठी कथेला हे दुखणं लवकर जडतं, कारण “होता, होती, होते” वाक्याच्या टोकाला येतं आणि टोकालाच आघात बसतो.

ताईंनी आधी सगळी क्रियापदं काढून टाकली: “आबा पेवाच्या तोंडाशी उभे. हातात कंदील. काच काळवंडलेली. खाली अंधार. वर भावकी.” वाचून पाहिलं तर हे नाटकाच्या संहितेतल्या कंसातल्या सूचनांसारखं झालं. ठोका बदलला, पण एकसुरीपणा राहिलाच. तिसरा खर्डा असा:

“आबा पेवाच्या तोंडाशी उभे होते. हातात कंदील, काच काळवंडलेली. खाली अंधार. वर भावकी जमली होती आणि कुणीच बोलत नव्हतं.”

एक पूर्ण वाक्य, एक अर्धं, एक दोन शब्दांचं, आणि शेवटी एक लांब. “कुणीच बोलत नव्हतं” हे मुळात नव्हतंच. परिच्छेद तोंडात घोळवताना शेवटी काहीतरी कमी पडतंय असं ताईंना वाटलं आणि ते शब्द आले. कथेतला ताण पहिल्या पानावर तिथून सुरू होतो. लय सुधारायला बसलेलं माणूस अर्थही शोधून आणतं, हे मी इथे डोळ्यांनी पाहिलं.

प्रत्ययांची साखळी दोन जागी होती. “हरिपूरच्या रस्त्याच्या कडेच्या चिंचेच्या झाडाच्या सावलीत” या एका तुकड्यात पाच “च्या”. मुलगा तिसऱ्या “च्या”वर हरवला. ते “रस्त्याला चिंच होती, तिच्या सावलीत” असं झालं. हरिपूर आधीच्या ओळीत होतंच. दुसरी जागा आणखी वाईट होती: “पेवाला टेकवलेल्या दोराला हात लावायला त्याला भीती वाटायला लागली.” हे वाक्य कुणीही मोठ्याने म्हणून पाहावं. त्याचं झालं: “दोर समोर लोंबत होता. त्याचा हात पुढे होईना.” भीती हा शब्द गेला आणि भीती राहिली.

यानंतरचे निर्णय इतके सरळ नव्हते.

“केले” की “केलं”? ताईंचं निवेदन “केले, गेले, सांगितले” असं होतं आणि तोंडात मात्र प्रत्येक वेळी “केलं, गेलं, सांगितलं” येत होतं. गुरुजींचं मत होतं की निवेदन लेखी रूपातच ठेवावं, म्हणजे ते भारदस्त राहतं आणि पात्रांच्या बोलण्यापासून वेगळं उठून दिसतं. मराठीत दोन्ही तऱ्हेने चांगलं लिहिलं गेलं आहे. माझं म्हणणं असं होतं की सबंध कथा पेवात उतरणाऱ्या मुलाच्या खांद्यावरून दिसते आणि तो मुलगा “पाणी ओसरले” असं मनातसुद्धा म्हणणार नाही. ताईंनी पहिली तीन पानं दोन्ही रूपांत लिहून काढली, दोन्ही मुद्रित केली आणि एक रात्र मध्ये जाऊ देऊन ऐकली. सकाळी त्यांचा निरोप आला: “केलं.” या निवडीची किंमतही मोजावी लागली. निवेदन बोलीच्या जवळ सरकल्यावर पात्रांची बोली आणखी ठसठशीत करावी लागली, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळली असती. मग आबांच्या तोंडी “तितं जाऊ नगंस” राहिलं. काका शहरात दुकान चालवतात, ते प्रमाण मराठीच्या जवळचं बोलतात. दोन भावांमधलं अंतर त्यांच्या बोलण्यातच ऐकू येऊ लागलं.

संवादांत आम्ही आधी फसलो. ताईंच्या तोंडाने सगळे “म्हणाले” गाळले होते, म्हणून कागदावरूनही गाळून टाकले. पण ताईंनी गाळले ते आवाज बदलता येत होता म्हणून. कागदाला आवाज नसतो. दुरुस्त पानं शेजारच्या मुलाकडे दिली तेव्हा आबा, काका आणि कथेतला मुलगा यांच्या नऊ ओळींच्या बोलण्यात त्याने काकांचं वाक्य आबांचं म्हणून वाचलं आणि भांडणाचा अर्थच उलटा झाला. म्हणजे तोंड कागद सोडून जातं तेव्हा दरवेळी तोंडच बरोबर असतं असं नाही. “रागाने ओरडून म्हणाले” काही परत आलं नाही. त्याऐवजी दोन जागी हालचाल घातली. आबांनी कंदील जमिनीवर टेकवला आणि मग ते बोलले. काकांनी चपलेचा चिखल दगडावर घासला आणि मग ते बोलले. कोण बोलतंय ते कळलं, आणि बोलण्याआधी जी क्षणभराची शांतता हवी होती तीही मिळाली.

लांब वाक्याचा प्रश्न

मुलगा सर्वांत जास्त अडला ते वाक्य असं होतं:

“आजोबा, आबा आणि काका ज्या दोराने याआधी अनेकदा उतरले होते तो, आता त्याच्या हाताला काचणारा दोर धरून तो, वरचा उजेड लहान होत असताना आणि हळदीचा वास वाढत असताना, खाली उतरू लागला.”

तीनदा तो पहिल्यापासून सुरू झाला. एक “तो” दोराचा, एक “तो” मुलाचा, आणि काय घडतंय ते अगदी शेवटच्या तीन शब्दांत. गटाचं एकमत झालं की वाक्य तोडा, चार वाक्यं करा. ताईंनी तोडून पाहिलं. स्वच्छ झालं आणि निर्जीव झालं. पेवात उतरणं म्हणजे पायऱ्या मोजत जाणं नव्हे, मध्ये थांबायची सोय नाही. त्यांनी वाक्य लांबच ठेवायचं ठरवलं, पण क्रियापद उचलून सुरुवातीला आणलं:

“तो उतरू लागला, दोर हाताला काचत, भिंतीची ओल खांद्याला लागत, वरचा उजेड आधी परातीएवढा, मग ताटाएवढा, मग वाटीएवढा होत गेला, हळदीचा वास नाकातून घशात आणि घशातून डोक्यात चढला, आबांनी वरून हाक मारली का नुसतंच कानात घुमलं ते कळेना, आणि पायाखाली अजून काहीच नव्हतं.”

४३ शब्द, आधीच्या वाक्यापेक्षाही लांब. मुलाने हे वाचलं तेव्हा एकदाही मागे गेला नाही, पण शेवटाला आला तोवर त्याचा श्वास संपत आला होता. “काकू, इथं दम लागतो,” तो म्हणाला. ताई म्हणाल्या, “लागू दे.” या जागेवर गटात आजही दोन मतं आहेत. मी ताईंच्या बाजूचा आहे. मोठ्याने वाचून दम लागला म्हणजे वाक्य वाईट, असा नियम केला तर सगळ्या कथा एकाच मापाच्या होतील. दम कशाने लागला, हे बघायला हवं. पहिल्या वाक्यात तो अर्थ शोधताना लागत होता, दुसऱ्यात मुलाबरोबर खाली जाताना.

निष्पत्ती

जुलैच्या बैठकीत ताईंनी कथा वाचली नाही. गटातल्या ज्या सदस्याचं वाचन सगळ्यांत सपाट आहे, त्यांना वाचायला दिली. हे गृहस्थ आडतीत हिशेब बघतात आणि कथाही खतावणी वाचल्यासारखी वाचतात. बत्तीस मिनिटं लागली. डोळे कुणी पुसले नाहीत. पण पेवाच्या वाक्याला खोली गप्प झाली, त्यांच्या त्या सपाट आवाजातसुद्धा. मला जूनच्या वाचनापेक्षा हे अधिक मोलाचं वाटलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी कथा दुसऱ्या अंकाकडे गेली आणि स्वीकारली गेली. तोवर ती ३,७०० शब्दांवर आली होती. लांबी कमी करायची असं कुणीच ठरवलेलं नव्हतं. पहिल्या संपादकांकडे ती पुन्हा पाठवली नाही, त्यामुळे त्यांचं अडखळणं गेलं असतं का, हे सांगता येत नाही. ताईंनी त्यांना आभाराचं पत्र मात्र पाठवलं.

छापून आल्यावर दोन चुका दिसल्या. दुसऱ्या पानावर “ते पेव दोघा भावांच्या सामाईकीतलं होतं” असं वाक्य होतं. लयीला बोजड वाटलं म्हणून काढलं, आणि ती माहिती दुसरीकडे कुठेच नव्हती. दोन वाचकांनी विचारलं की काकांना इतका राग कशाचा. कानाच्या नादात आम्ही कथेचा एक खांब काढला होता. दुसरी चूक शेवटच्या पानावर. तिथे चार वाक्यं सलग “होता”वर संपतात, पहिल्या पानावर जे दुखणं काढलं तेच.

आता केलं तर काय वेगळं करू

शेवटच्या पानांवरची चूक का राहिली ते दोन्ही खुणांच्या प्रती पुन्हा काढून पाहिलं तेव्हा उमगलं. तेवीस अडखळण्यांपैकी शेवटच्या तीन पानांवर फक्त दोन आहेत. ती पानं चांगली उतरलीत असं आम्ही तेव्हा मानलं. मुद्रण ऐकलं तर कळतं की मुलगा थकला होता आणि शब्द गिळत सुटला होता, गुरुजींची पेन्सिलही थकली होती. पाऊण तासात ४,२०० शब्द एका बैठकीत वाचून घेणं चूक होतं. आता आम्ही एका वेळी पाच पानांवर जात नाही, आणि दुसऱ्या बैठकीला शेवटाकडून सुरुवात करतो.

क्रमही उलटा हवा होता. आधी कोरा वाचक, मग लेखक. ताईंचं वाचन आम्ही आधी ऐकलं, म्हणून पुढचे कित्येक दिवस कागद उघडला की त्यांचाच आवाज कानात यायचा, आणि आम्ही सहाही जण वाचक म्हणून निकामी झालो होतो. गुरुजी प्रत घेऊन बसले नसते तर कथा होती तशीच दुसरीकडे गेली असती. आता लेखक वाचत असला की दोघांच्या हातात प्रत असतेच, आणि ते दोघे वाचणाऱ्याकडे बघत नाहीत.

काढलेल्या प्रत्येक वाक्यापुढे ते कोणती माहिती देत होतं, हे समासात लिहायचं, असंही ठरवलं आहे. सामाईकीचं वाक्य बोजड होतंच, काढायलाच हवं होतं. पण “तुझ्याएवढाच माझाबी हाय तो खड्डा” असं आबांच्या तोंडी एक वाक्य आलं असतं तर काम झालं असतं. ताईंना ते वाक्य कथा छापून आल्यावर आठवड्याने सुचलं. त्यांनी ते आपल्या अंकाच्या प्रतीत, बाराव्या ओळीच्या वर, पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.